शून्य टक्क्यांची भिशी

"शून्य, आई! साडेचार नाही, दोन नाही, अर्धासुद्धा नाही. शून्य टक्के!"

आईचा उजवा पाय प्लॅस्टरमध्ये, दोन उशांवर ठेवलेला. तिला उठून जाता येत नव्हतं, म्हणून मी बँकांच्या व्याजदरांचा माझा तक्ता तिच्या मांडीवर पसरला होता. बालवाडीच्या पायरीवरून घसरून घोटा मोडल्याला आठवडा झाला होता, आणि त्या आठवड्यात तिला माझी जितकी व्याख्यानं ऐकावी लागली, तितकी मला कॉलेजात कुणी दिली नव्हती.

"अगं, पण भिशीत व्याज नसतंच," ती म्हणाली. "बारा बायका दोन-दोन हजार काढतात, चिठ्ठी निघेल तिला चोवीस हजार एकरकमी. हिशेब संपला."

"संपला कसा? बारावी चिठ्ठी तुझी निघाली, तर तुझे पैसे वर्षभर दुसऱ्यांनी वापरले. तेच पैसे बचत खात्यात टाकले असते, तर पाचशे पंच्याऐंशी रुपये व्याज मिळालं असतं. गेल्या वर्षी कितवी लागली तुला?"

"बारावी."

"त्याच्या आधी?"

"तेव्हाही बारावीच असेल. आठवत नाही."

"बघ! हे नुसतं वाईट नशीब नाही, हा तोटा आहे."

"असू दे गं," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मी तेव्हा नुकतीच संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाले होते. कराडला घरी येऊन नोकरीच्या पत्राची वाट बघत होते, आणि डोक्याला काही काम नसलं की माझं डोकं समोर येईल ते मोजायला लागतं. बँकांना बचत खात्याचा दर आपापला ठरवायची मुभा मिळून दीड-दोन वर्षंच झाली होती. तोवर सगळीकडे एकच दर असायचा. आता प्रत्येक बँकेच्या दारावर वेगळा आकडा. मला त्या आकड्यांनी झपाटलं. गावातल्या सगळ्या बँका आणि दोन पतसंस्था मी पायी पालथ्या घातल्या. सगळीकडे तेच विचारायचे : व्याज रोजच्या शिल्लकेवर काढता ना? जमा तिमाहीला होतं की सहामाहीला? किमान शिल्लक किती, आणि ती घसरली तर दंड किती?

सहा टक्के देणारी एक नवी बँक बसस्थानकासमोर उघडली होती. तिथल्या टायवाल्या मुलानं माझे सगळे प्रश्न आदरानं ऐकले, आणि मग विचारलं, "मॅडम, साधारण किती रक्कम ठेवणार?"

"दर महिन्याला दोन हजार."

त्यानं पेनाचं टोपण लावलं.

पण त्याच्याकडूनच मला तक्त्यातली खरी मेख कळली. त्या खात्यात दहा हजारांची शिल्लक नसेल, तर दंडच व्याजाहून जास्त. म्हणजे थोड्या थोड्या पैशासाठी ती बँक सर्वांत वाईट आणि एकरकमी पैशासाठी सर्वांत चांगली. ज्या क्षणी हे मला उमगलं, त्या क्षणी मला आईची भिशी निरुपयोगी वाटेनाशी झाली. ती फक्त लवकर लागायला हवी होती. या महिन्यात लागली, तर चोवीस हजार थेट सहा टक्क्यांत, आणि वर्षाअखेर हजारावर रुपये व्याज.

"उद्या भिशीला तूच जा माझ्याऐवजी," आई म्हणाली. "पैसे दे, चिठ्ठी टाक. इंदुमतीकाकूंकडे आहे."

"चिठ्ठी इथूनच लिहून नेऊ?"

"नको, तिथं लिहितात. सगळ्या एकदम. आणि केतकी…"

"काय?"

"काही नाही. वैजूला विचार, शीतलच्या फीचं जमलं का ते. म्हणजे विचारू नकोस. नुसतं बघ."

वैजू म्हणजे वैजयंता माने, आमच्या मागच्या गल्लीतली. कॉलेजच्या मुलांना जेवणाचे डबे द्यायची. तिच्या शीतलला सांगलीला नर्सिंगला जागा मिळाली होती, तेव्हा अख्ख्या पेठेत पेढे वाटले होते. पहिला हप्ता शुक्रवारपर्यंत भरायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाणार. पैसे जमले नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याबद्दल तिच्याशी कुणीच बोलू शकत नव्हतं. इंदुमतीकाकूंनी एकदा आडून विचारलं, तर वैजूताई हसून म्हणाली होती, "झालीय की सोय, काकू." ती कुणाकडे वाटीभर साखर मागायला गेली, तर परत करताना वाटीत चार लाडू ठेवणारी बाई. तिच्या हातात पैसे कोंबणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावण्यासारखं झालं असतं.

भिशी बुधवारी होती.

बुधवारी संध्याकाळी मी इंदुमतीकाकूंच्या घरी पोचले, तेव्हा बैठकीच्या खोलीत इतका गलका होता की मी आले हे कुणाला कळलंच नाही. कोपऱ्यात पोह्यांची परात, जमिनीवर सतरंजी, आणि सतरंजीवर बायका.

"मला लागलीच पाहिजे यंदा!" रत्नप्रभाकाकू हात नाचवून सांगत होत्या. पेठेत त्यांच्याइतकी काटकसरी बाई नव्हती. भाजीवाल्याशी एका जुडीवरून त्या अर्धा तास घालवायच्या. "फ्रिज बघून ठेवलाय. दुकानदाराला म्हटलं, बुधवारपर्यंत विकू नका."

"तुला फ्रिज कशाला? शिळं तर काय उरवत नाहीस," छबूताई म्हणाली. ती मंडईत भाजी विकायची. "मला लागू दे. हातगाडीचं चाक बघा कसं झालंय. ढकलली की गाडी येकीकडं आन् मी येकीकडं."

"तुम्ही दोघी भांडा, तोवर मी घेते. मला घराला रंग द्यायचाय," निवृत्त शिक्षिका असलेल्या साळुंखेबाई म्हणाल्या.

प्रत्येकीला पैसे हवे होते. प्रत्येकीचं कारण ठरलेलं होतं आणि ती ते मोठ्यानं सांगत होती. कोपऱ्यात वैजूताई पोह्यांवर कोथिंबीर पेरत होती. तीच काय ती एकटी काही मागत नव्हती.

"ये गं केतकी," मला बघून ती म्हणाली. "शैलावहिनींचा पाय कसा आहे? दुखतो का रात्री? डॉक्टरांनी किती घेतले?"

मी आकडा सांगितला. तिनं "अगं बाई" म्हणून हातातली कोथिंबीर तशीच धरून ठेवली. "आणि बालवाडीचा पगार चालू आहे का या महिन्याचा?"

"नाही. रजा बिनपगारी आहे."

"बघ ना," ती हळू आवाजात म्हणाली.

इंदुमतीकाकूंनी जुन्या कॅलेंडरच्या पानाचे तुकडे वाटले. त्यांना आणि आणखी एकीला आधीच्या दोन महिन्यांत भिशी लागून गेली होती, म्हणून चिठ्ठ्या दहाच.

"काकू, एक विचारू?" मी म्हणाले. "दर महिन्याला नव्या चिठ्ठ्या कशाला लिहायच्या? एकदाच बारा लिहायच्या. जिला लागली तिची काढून टाकायची, उरलेल्या डब्यात ठेवायच्या. कागदही वाचेल, वेळही."

मग एकदम चारी बाजूंनी उत्तरं आली.

"जुन्या चिठ्ठ्या चुरगळतात बाई."

"ओळखू येतात मग."

"झुरळं खातात!"

"नवा महिना, नवं नशीब," साळुंखेबाई गंभीरपणे म्हणाल्या, आणि सगळ्या जणी जरा जास्तच जोरात माना हलवायला लागल्या. एका साध्या सूचनेवर इतकी वेगवेगळी कारणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग लिहिणं सुरू झालं. परीक्षेत मागच्या मुलीनं बघू नये म्हणून आपण जसं लिहितो, तशा त्या लिहीत होत्या. कुणी भिंतीकडे तोंड करून, कुणी पदराआड. रत्नप्रभाकाकूंकडे बोटभर उरलेली पेन्सिल होती. मी माझ्या हिरव्या पेनानं स्वच्छ अक्षरात लिहिलं : सौ. शैलजा वसंत पिसाळ. चार घड्या घातल्या आणि पितळी डब्यात टाकली.

"आज सासूबाई कोल्हापूरला आहेत," इंदुमतीकाकू म्हणाल्या. "चिठ्ठी काढणार कोण?"

दर महिन्याला चिठ्ठी त्यांच्या सासूबाई काढायच्या. आतल्या देवघरात डबा घेऊन जायचं, देवासमोर हलवायचा, एक चिठ्ठी काढून नाव वाचायचं, आणि ती चिठ्ठी बाकीच्यांसकट धुपाटण्यात टाकायची. आजींनी वर्षानुवर्षं हे केलं होतं, भिंगाच्या काचेतून एक नाव वाचून.

"केतकी काढेल की," वैजूताई म्हणाली. "कुवार मुलीचा हात चांगला."

"जा बाळ. आणि एक ध्यानात ठेव," काकूंनी डबा माझ्या हातात देत सांगितलं. "एकच उघडायची. बाकीच्यांचं उचकून बघायचं नाही. तशाच धुपाटण्यात."

देवघरात धुराचा वास आणि समईचा उजेड होता. बाहेर पुन्हा गलका सुरू झाला होता. मी डबा हलवला, डोळे मिटले, मनात म्हटलं, दहात एक, काही फार वाईट शक्यता नाही. हात घातला. चिठ्ठी काढली. उघडली.

शैलावहिनी.

मी ओरडणारच होते. आईची चिठ्ठी! चोवीस हजार, सहा टक्के, उद्या सकाळीच बँकेत. मग हात जागीच थांबला. मी 'शैलावहिनी' लिहिलं नव्हतं. मी 'सौ. शैलजा वसंत पिसाळ' लिहिलं होतं, आणि हिरव्या शाईत. ही निळी होती.

आमच्या डिपार्टमेंटमध्ये एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती : आकडा तुमच्या सोयीचा निघाला, तर आधी त्याच्यावर संशय घ्या. दुसऱ्या कुणी आईचं नाव कशाला लिहील? मी डब्यात बघितलं. हलवताना एक चिठ्ठी अर्धवट उघडली होती. तिच्यावर 'वैजयंता' असं होतं. तिच्याशेजारची मी बोटानं उलगडली. तिच्यावरही 'वैजयंता माने'.

माझ्या मनात जे पहिल्यांदा आलं, ते सांगायला हवं. मला वाटलं, वैजूताईनं लबाडी केली. गरजू बाई, शुक्रवार डोक्यावर आलेला, हळूच दोन चिठ्ठ्या टाकल्या. मी पुढची उघडली, ती पुरावा मिळावा म्हणून.

पुढचीवर बोथट पेन्सिलीत लिहिलं होतं : वैजू.

मी ती समईजवळ धरली. ती पेन्सिल मी मघाशीच पाहिली होती. मग एकेक करत मी सगळ्या उघडल्या. साळुंखेबाईंचं फळ्यावरचं वळणदार अक्षर : कु. शीतलची आई. एका चिठ्ठीवर नुसताच एक भला मोठा 'वै', मात्रा अक्षरापासून सुटून लांब गेलेल्या. छबूताईला सहीपुरतं लिहिता यायचं. एकीनं घाईत लिहिलेलं, एकीनं नाव लिहून खाली बारीक स्वस्तिक काढलेलं. आठ चिठ्ठ्या, आठ हात, आणि एकच नाव. नववी माझी हिरवी.

मग दहावी, माझ्या मुठीतली, 'शैलावहिनी' लिहिलेली, ती कुणाची?

बाहेर बसलेल्यांपैकी एकच बाई उरत होती. अक्षर ओळखायची गरजच नव्हती, ही साधी वजाबाकी होती. जिला शुक्रवारच्या आत पैसे हवे होते, तिनं स्वतःचं नाव लिहिलंच नव्हतं. माझ्या आईचा पाय मोडला होता आणि तिची रजा बिनपगारी होती, म्हणून.

मला त्या वेळी काय झालं, ते नीट सांगता येत नाही. एकदा डोंगरावरच्या शिबिरात मी पहिल्यांदा मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला होता. रिकामं काळं आकाश म्हणून ज्या जागेकडे मी आयुष्यभर बघत आले होते, तिथं दाटीनं तारे होते, आणि मी मागे सरले होते, कुणीतरी छातीवर हात ठेवून ढकलावं तशी. देवघरात मी तशीच मागे सरले. पाठ भिंतीला लागली.

"काय गं, निघाली का?" बाहेरून रत्नप्रभाकाकूंचा आवाज आला. "फ्रिजवाला थांबलाय!"

सगळ्या हसल्या. त्यांच्या हसण्यात वैजूताईचंही हसू होतं.

माझ्या हातात नियमाप्रमाणे निघालेली चिठ्ठी होती. दहात एक, तीच निघाली होती. देवासमोर, कुवार हातानं, अगदी निःपक्षपातीपणे. मी तिच्याकडे एकदा बघितलं आणि ती डब्यात परत टाकली. स्वस्तिकवाली उचलली.

"वैजयंता माने," मी देवघरातूनच वाचलं. आवाज माझा मला ओळखू आला नाही.

बाहेर एकदम टाळ्या.

"माझं?" वैजूताईचा आवाज. "नीट वाच गं पोरी. माझं कसं निघेल?"

"कसं म्हणजे? चिठ्ठी टाकलीस ना? मग निघायचीच कधीतरी," साळुंखेबाई म्हणाल्या.

"तुझंच गं बाई, आमचं कुठलं निघायला," रत्नप्रभाकाकू कुरकुरल्या. "माझं नशीबच फुटकं. पेढे आण आता, आणि कंदी आण, नुसत्या साखरेचे चालणार नाहीत."

मी दहाही चिठ्ठ्या धुपाटण्यात टाकल्या. संख्याशास्त्राचं शिक्षण घेतलेल्या माणसानं मूळ नोंदी आपल्या हातानं जाळणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला कळेल. कागद निखाऱ्यावर वाकडे झाले. 'वै'च्या मात्रा सगळ्यांत शेवटी गेल्या.

बाहेर आले, तेव्हा वैजूताई भिंतीला टेकून खाली बसली होती आणि छबूताई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "आता रडतीस कशाला येडे? शीतलीला सांगलीला घालवायची का न्हाई?" रत्नप्रभाकाकू पोह्यांची परात पुढे ओढत होत्या. मी त्या प्रत्येकीच्या तोंडाकडे बघितलं. एकीनंही दुसरीकडे अर्थपूर्ण नजर टाकली नाही. कट असता, तर निदान एक तरी डोळा मिचकावला गेला असता. मी वाट बघत राहिले, पण तसलं काहीच झालं नाही. प्रत्येक जण आपापल्या पोह्यांत बघत, एकटीच, मनातल्या मनात खूश होती.

हे असं का, ते मला घरी येईपर्यंत समजलं नाही.

"कुणाला लागली?" आईनं दारातूनच विचारलं.

"वैजूताईला."

तिनं डोळे मिटले. ओठ हलले. मग म्हणाली, "शुक्रवारच्या आत लागली. देवालाच काळजी." थोड्या वेळानं तिनं मला जवळ बोलावलं, बाबा एसटीच्या मुक्कामी ड्यूटीवर होते आणि घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी दाराकडे बघून. "तू चिठ्ठीवर काय लिहिलंस?"

"तुझं नाव. दुसरं काय लिहिणार?"

"अगं बाई!" ती हसायला लागली, इतकी की पाय दुखला. "आणि तरी तिलाच लागली! बघ. मी तुला काल सांगणार होते, पण तू त्या टक्क्यांवरून मला इतकं धारेवर धरलं होतंस, म्हटलं आणखी बोलणी कशाला खा."

"काय सांगणार होतीस?"

"कुणाला बोलू नकोस. बायका हसतील मला." तिनं चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी माझं नाव कधी लिहीतच नाही. त्या महिन्यात जिला अडचण असेल, तिचं लिहिते. पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं होतं. आता सवय झाली."

"आणि बाकीच्या?" मी विचारलं.

"बाकीच्या कशाला लिहितील दुसरीचं? प्रत्येकीला आपापला संसार आहे. ती रत्ना बघतेस ना, फ्रिज फ्रिज करत असते. चूक नाही तिची. आपली आपली हौस असते एकेकीची. मला काय, आज लागली काय अन् वर्षानं लागली काय."

आठ हात, आठ अक्षरं, एक मात्रा सुटलेला 'वै'. त्यातल्या प्रत्येकीला हेच वाटत होतं. प्रत्येक जण एकटीच ही चोरी करत होती. कित्येक वर्षं, दर महिन्याला, एकमेकींच्या मांडीला मांडी लावून, आणि प्रत्येकीला खात्री होती की डब्यातली आपली एक चिठ्ठी सोडली तर बाकी सगळ्या जिच्या तिच्या नावाच्या आहेत. जिला लागायची, तीही फार तर एखादीनं आपलं नाव लिहिलं असेल, एवढंच समजून गप्प राहत असणार. सबंध डबा एकदाच कुणीतरी उघडून बघितला होता, ती मी. आणि मी ते सांगू शकत नव्हते. सांगितलं असतं, तर पुढच्या महिन्यापासून ती एक योजना झाली असती, तिच्यावर चर्चा झाली असती, आणि वैजूताईसारखी बाई अशी भिशी त्याच दिवशी सोडून गेली असती.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. इंदुमतीकाकू मुलाकडे पुण्याला गेल्या, भिशी बंद झाली, म्हणून आज लिहिते आहे. शक्यतांचा हिशेब हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, आणि त्या रात्री आईनं विचारला तसा प्रश्न मला नंतर कुणी विचारला नाही.

"एक सांग मला," ती म्हणाली. "तू एवढी शिकलेली आहेस. माझ्या एका चिठ्ठीनं समोरचीला कितीसा फरक पडत असेल गं?"

उत्तर सोपं होतं. दहात एकाचे दहात दोन. एम.एस्सी.चीही गरज नव्हती.

"पुष्कळ पडतो, आई," मी म्हणाले. "किती, ते मला मोजता येणार नाही."